संदेशाची जागा

अप्पांनी ती गोष्ट लिहिली तेव्हा
ऐरोलीचा पूल झाला नव्हता.
रबाळ्याच्या रंग कारखान्यात रात्रपाळी,
लॅबच्या रद्दी तक्त्यांची कोरी पाठ
आणि बोटांना निळा डाग, आंघोळीनेही न जाणारा.

गोष्टीत साल होतं दोन हजार एकतीस.
एका कंपनीने ठाण्याची खाडी विकत घेतली होती,
नुसतं पाणी नाही, भरतीसुद्धा.
मिठागराच्या बांधावर मीटर.
नाणं टाकलं की अर्धा तास समुद्र आत यायचा,
मग झडप पडायची.
गावातली माणसं चंद्राकडे उधारी मागायची.

दिवाळी अंकाने पंचेचाळीस रुपये पाठवले.
त्यात आईने दोन पातेल्यांना कल्हई करून घेतली,
उरल्याचं सुकट.
मनीऑर्डरच्या तळाशी, जिथे दोन ओळींपुरती जागा असते,
संपादक टिपणीसांनी लिहिलं होतं:
'शेवट वाचला आणि उठून मोरीतला नळ बघून आलो.'
तो कागदाचा तुकडा अजून अप्पांच्या पेटीत आहे.

मागच्या महिन्यात वागळे इस्टेट, नववा मजला.
एसी इतका, की अप्पांनी मफलर काढला.
मृण्मयी नावाची मुलगी, खरंच गोड.
तिने गोष्ट दोनदा वाचली होती,
रडले म्हणाली,
आणि मग, फक्त त्या कंपनीचं जरा बघू या का?
आपले एक प्रायोजक पाण्यातलेच आहेत. बाटलीतल्या.
दुसरे सर्व्हरवाले, तुमच्या गावाशेजारचे.

मग सरकार ठेवू, मी म्हटलं.
ती हसली. निवडणूक आहे ना, ताई.
पहिला भाग भाऊ मैदानात दाखवणार आहेत,
चाळीस फुटी पडद्यावर, वडापावसकट.
तेच भाऊ, ज्यांचा आवाज फोनवर मला
सकाळी सात वाजता नावाने विचारतो:
'भानूताई, जेवलात का?'

मग उरला कोण?
परग्रहावरचा प्राणी.
तो जाहिरात देत नाही, देणगी देत नाही,
मतदारयादीत त्याचं नाव नाही,
त्याला हवं तेवढं वाईट दाखवा.
तर आता सहा पायांचं काहीतरी येतं, भरती चोरतं,
आणि कंपनीचे इंजिनिअर खाडी वाचवतात.

अप्पा काचेतून खाली बघत बसले होते.
'समुद्र चोरून त्याला काय करायचाय?
त्याच्या गावाला मीठ नाय का?'
कोणी उत्तर दिलं नाही.
एकाने लॅपटॉपवर टिपून मात्र घेतलं.

सही करू नका, असं मी म्हणणार होते.
खुब्याच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च
माझ्याच पर्समध्ये होता, चार घड्या करून.
अप्पांनी सही केली,
पगारपत्रकावर करायचे तशीच, आखडून: ह. को. वैती.

येताना रिक्षा मिठागराच्या जागेवरून आली.
तिथे आता बिनखिडक्यांची इमारत,
दिवसरात्र घुमणारी.
आमची गोष्टही तिथेच कुठेतरी राहील,
पापलेटासारखी, थंड करून.

पैसे काल आले. फोन थरथरला.
अप्पांनी चष्मा लावला,
मेसेज वर सरकवला, खाली, पुन्हा वर.
'संदेश कुठाय?'
हाच संदेश, अप्पा.
'नाय गो. त्यांनी लिवलाय काय, ते.'

मी शेऱ्याची ओळ दाखवली:
सर्व हक्क, कायमचे.

त्यांनी फोन उलटा ठेवला,
काठी घेतली,
आणि मोरीतला नळ बघून आले.